चौसष्टचं कार्ड

१

ग्रंथपाल ग्रंथालयाच्या गच्चीवरून पडून गेले, त्याला तीन आठवडे झाले होते. त्यांची मुलगी कॅमेरा कापडी पिशवीत घालून दुकानात आली, तेव्हा काकू एका लेन्सच्या पोटातली बुरशी पुसत बसल्या होत्या. जुन्या कॅमेऱ्यांच्या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर त्यांना पायरीवरच्या पावलांवरूनच कळायचं, आलेलं माणूस वस्तू घ्यायला आलंय की ठेवून जायला. ठेवून जाणारे बहुधा घरातलं कोणीतरी गेल्यावर येतात. ही पावलं तसलीच होती.

“हा परत घ्या,” मुलगी म्हणाली. “त्याचं काही नको मला. आईला तो घरात नकोय.”

काकूंनी कॅमेरा ओळखला. न ओळखायला काय झालं? ती चौदा वर्षं जुनी बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा कॅमेरा, त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी ग्रंथपालांना विकली होती, आणि त्या गृहस्थांनी तिच्यासाठी लेन्स निवडायला काकूंच्या दोन दुपारी खाल्ल्या होत्या. त्यांना ग्रंथालयातल्या दमट, किडक्या खंडांची पानं टिपून ठेवायची होती. मोठ्या झूममध्ये बुरशी होती, छोटी झूम ढिली झाली होती. शेवटी पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स ठरली. तिला झूम नाही, फोकसही हातानेच करावा लागतो, पण अक्षर असं टिपते की बघत राहावं. जोडीला सोळा जीबीची दोन कार्डं.

“पोलिस म्हणतात, गच्चीवरून गावाचा फोटो काढत होते. चौकटीत मावेना म्हणून मागे मागे सरकत गेले. कठडा गुडघ्याएवढा.” मुलगी उभ्यानेच बोलत होती. “आता ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. साठीला खूळ लागलं आणि खुळापायी मेला. आईने दार उघडणं बंद केलंय. काकू, मला एवढंच कळायला हवंय, माझे बाबा खरंच इतके वेडगळ होते का?”

पिशवीतून एक घडी घातलेली चिठ्ठी खाली पडली. काकूंनी उचलून उघडली. अक्षर त्यांचं स्वतःचंच होतं. ग्रंथपालांनीच आग्रहाने लिहून घेतलं होतं: ‘कार्ड ३२ च्या वर घालू नये. या लेन्सला झूम नाही. मावत नसेल तर पायांनी मागे सरकावे.’

मागे सरकावे! काकूंना वाटलं, आपण एका सरळ माणसाला हाताला धरून कठड्यापाशी नेलं. लोकांनी खुशाल खूळ म्हणावं, पण ते खूळ पढवलं कोणी? मुलीकडे बघण्याचं धैर्य होईना, म्हणून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. लेन्सची कड चेपली होती, बॅटरी पार उतरली होती. पोलिसांनी तो सुरू करून बघण्याची तसदी घेतली नव्हती. काकूंनी स्वतःची बॅटरी बसवली आणि बटण सरकवलं.

पडदा उजळला. त्यावर एकच ओळ होती: ‘हे कार्ड वापरता येत नाही.’

२

काकूंनी कार्ड काढून उजेडात धरलं. त्यावर चौसष्ट जीबी छापलेलं होतं.

“तुझ्या बाबांनी नवीन कार्ड घेतलं होतं?”

“नाही. तुमची दोनच.”

“सांगितल्याबाहेर जाण्याची सवय होती त्यांना?”

मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू येऊन गेलं. “बाबांना? दुधाच्या पिशवीवर ‘इथे कापा’ लिहिलेलं असतं ना, काकू, ते बरोब्बर तिथेच कापायचे. आई वैतागायची.”

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. त्या विकलेल्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर नखाच्या लाल रंगाचा ठिपका लावत, बदलाबदलीची भांडणं नकोत म्हणून. या कार्डावर ठिपका नव्हता. पिशवीच्या कप्प्यात एक पाकीट मिळालं, त्यावर ग्रंथपालांच्या ठसठशीत अक्षरात ‘कार्ड क्र. २, रिकामे’. आत लाल ठिपक्याचं सोळाचं कार्ड होतं. मग क्रमांक एक कुठे गेलं?

“नीट ऐक,” काकू म्हणाल्या. “ही बॉडी म्हातारी आहे. बत्तीसच्या वरचं कार्ड तिला ओळखूच येत नाही. असलं कार्ड आत असलं, की बटण कितीही दाबा, फोटो निघत नाही. त्यामुळे हे कार्ड घालून बाबा फोटो काढत होते, हे शक्यच नाही. ते कोणीतरी नंतर घातलंय, आणि आधीचं काढून नेलंय.”

“नंतर म्हणजे?”

काकूंनी कॅमेऱ्याचा पट्टा तिच्यापुढे धरला. कॅमेरा पट्ट्याने गळ्यात अडकलेलाच सापडला होता. नंतर म्हणजे ते पडल्यानंतर, हे मुलीलाही कळलं आणि तिने स्टूल ओढून घेतलं.

ग्रंथपाल गेले त्या दिवशी ग्रंथालयाला साप्ताहिक सुट्टी होती. बरेच दिवसांनी ऊन पडलं होतं. संध्याकाळी सहाला बाहेरच्या पहारेकऱ्याला मागच्या चिंचोळ्या बोळात ग्रंथपाल दिसले. इमारतीच्या किल्ल्या चौघांकडेच होत्या: एक स्वतः ग्रंथपाल, दुसरा तळघरातला बाइंडर, तिसऱ्या अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या ताई, आणि चौथे आबा. आबा म्हणजे ग्रंथालयाचे अध्यक्ष आणि गावाचे मोठे लेखक. पुढच्या आठवड्यात त्यांचा जाहीर सत्कार होता आणि भिंती त्यांच्या चेहऱ्याने भरल्या होत्या.

काकूंनी ते चौसष्टचं कार्ड दुकानातल्या संगणकाला लावलं. फोटो नव्हते, काहीच नव्हतं. फक्त पाच रिकामे फोल्डर होते: ए, बी, सी, डी, ई.

प्रत्येक यंत्राची आपली एक खोड असते. नवं कार्ड मिळालं की ते आधी आपल्या पद्धतीने कप्पे पाडून घेतं. कॅमेरा असे पाच कप्पे पाडत नाही, फोनही पाडत नाही. अशी यंत्रं काकूंनी दुरुस्त केली होती.

“हे आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डरचं कार्ड आहे,” त्या म्हणाल्या.

३

तळघरात सरसाचा वास कोंडलेला होता. बाइंडर हा मुळातच घुम्या माणूस. त्याचं आणि ग्रंथपालांचं महिनाभर बोलणं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या टेबलावर हातभर लांबीचं पातं होतं.

“भांडण होतं,” तो विचारायच्या आधीच म्हणाला. “एका खंडाची पानं नाहीशी झाली, तर माझ्यावरच येणार ना संशय? ‘पातं तुझ्याकडे,’ म्हणाले.”

“म्हणजे ते जायच्या आधीच पानं गेली होती?”

“तेव्हा दोनच. पुढची सगळी नंतर.” त्याने फळीवरून एक जाड खंड काढला. सत्तर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कुठल्याशा मासिकाचे अंक एकत्र बांधलेले होते. “ते गेल्यावर चार दिवसांनी आबांनी आणून दिला. म्हणाले, पानं किडीने गेलीत, उरलंय तेवढं शिवून टाक. आता तुम्हीच बघा, बाई.”

काकूंनी खिशातलं लेन्स तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. शिवणीपाशी कागदाचे वेडेवाकडे दाते उरले होते.

“कीड अशी खात नाही,” त्या म्हणाल्या.

“आणि पातं असं कापत नाही. ही हाताने ओरबाडलीत, घाईने. मी चोर असतो तर चोरी तरी नीट केली असती!” त्याने खंड त्यांच्या हातातून परत घेतला. “मेलेल्या माणसाशी अबोला राहिला, बाई. तो आता कुठे मिटवू?”

“त्या दिवशी ते गच्चीवर कशाला गेले असतील?”

“कशाला म्हणजे? ऊन होतं ना. दमट खंड वर नेऊन टाकीच्या सावलीत पसरायचे. जुन्या कागदावर फ्लॅश मारत नाहीत म्हणून पानांचे फोटोही तिथेच. गाव बघायला कधी मान वर केली नाही त्या माणसाने.”

काकूंना क्षणभर हायसं वाटलं. पानाचा फोटो काढणारा खाली वाकतो, मागे सरकत नाही. म्हणजे आपली चिठ्ठी कदाचित निर्दोष असेल. पण लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. माणूस गेला होता आणि ही बाई आपला पदर झटकत होती.

“इथे रेकॉर्डर कोणाकडे असतो?” त्यांनी विचारलं.

“ताईंकडे,” बाइंडर म्हणाला. “दुसऱ्या कोणाकडे असणार?”

४

ताई काकूंच्या जुन्या ओळखीच्या होत्या. जिन्याखालच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, त्या बारा वर्षं कोणा अनोळखी माणसांसाठी मोठ्याने वाचत होत्या. मुंगीलाही वळसा घालून जाणारी बाई! काकूंना त्या जिन्यापाशी पाय उचलवेना. टेबलावर छोटा काळा रेकॉर्डर होता. पडद्यावर ‘फोल्डर ए’.

“ताई, यातलं कार्ड दाखवता?”

ताईंनी कसलाही प्रश्न न विचारता ते काढून दिलं. जुनं, कडा झिजलेलं कार्ड होतं, आणि काकूंनी ते परत यंत्रात घालून यादी सरकवली तेव्हा चार महिन्यांचं वाचन त्यात ओळीने उतरलेलं होतं. मध्ये खंड नव्हता, कार्ड बदललेलं नव्हतं. अपघाताच्या दिवशी काहीच नव्हतं. त्या दिवशी ताई बहिणीकडे बाळंतपणाच्या गडबडीत होत्या. काकूंनी सोडलेला श्वास ताईंनाही ऐकू गेला असावा.

“काय झालंय?” ताईंनी विचारलं.

“आधी मला सांगा, हल्ली काय वाचताय?”

“आबांची कादंबरी. त्यांचं नाव झालं ना, तीच, पहिली. सत्कारापर्यंत पुरी करायचीय.” ताई थांबल्या. “ग्रंथपाल एकदा दारात उभे राहून ऐकत होते. चांगला अर्धा तास. मग म्हणाले, ‘ताई, हे मी अलीकडेच कुठेतरी वाचलंय.’ मी म्हटलं, अहो, पन्नास वर्षं सगळं गाव वाचतंय. तर म्हणाले, ‘नाही, पुस्तकात नाही. फोटो काढताना.’ आणि गेले.”

“कधीची गोष्ट?”

“जायच्या साधारण आठवडाभर आधीची.”

काकूंच्या डोळ्यांपुढे तो ओरबाडलेला खंड आला. सत्तर वर्षांपूर्वीचं मासिक आणि पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी. यातलं आधीचं कुठलं, हे कळायला पंडित व्हायला नको होतं.

“ताई, असं यंत्र गावात आणखी कोणाकडे आहे?”

“आबांकडे आहे की. त्यांचा हात कापतो ना, लिहिता येत नाही. माझं बघून त्यांनी अगदी हेच मागवलं. त्यात बोलतात, मग टंकलेखक उतरवून घेतो.” ताई कौतुकाने म्हणाल्या, “कार्ड मात्र माझ्यापेक्षा मोठं. ‘घ्यायचं तर मोठंच घ्यावं,’ म्हणाले.”

५

आबा सत्काराचं भाषण रेकॉर्डरमध्ये बोलत होते. काकूंना दारातून ऐकू आलं: “...हे ऋण या वाचनालयाच्या भिंतींचं आहे...” काकू आत आल्या, तसे ते थांबले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा देखणा म्हातारा, धुतलेले कपडे, थरथरणारा उजवा हात.

“या. कॅमेऱ्याचं दुकान तुमचंच ना? फार वाईट झालं हो. सज्जन माणूस.”

“तुम्ही त्या दिवशी ग्रंथालयात होतात?”

“छे. घरीच होतो.”

काकूंनी समोरची खुर्ची ओढली. “आबा, मी सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई नाही. हातात असेल तेवढंच बोलते. ग्रंथपालांच्या कॅमेऱ्यात चौसष्टचं कार्ड मिळालं. त्या कॅमेऱ्यात ते चालत नाही, हे ग्रंथपालांना मी लिहून दिलं होतं. लेन्स न् कार्डं हाताळणारा कोणीही ती चूक करणार नाही. जो करेल, त्याला कार्ड म्हणजे काय ते माहीत आहे, पण कॅमेरा माहीत नाही. कार्डावर रेकॉर्डरचे पाच कप्पे आहेत. असे रेकॉर्डर गावात दोन. ताईंचं कार्ड ताईंच्या यंत्रात आहे.”

“माझंही माझ्या यंत्रात आहे,” आबा शांतपणे म्हणाले. “बघा हवं तर.”

काकूंनी रेकॉर्डरचं झाकण उघडलं. कार्ड बाहेर आलं. सोळाचं होतं, आणि कोपऱ्यावर लाल ठिपका.

बाहेर कोणीतरी सत्काराचा फलक दोऱ्यांनी बांधत होतं, त्याची ठाकठूक तेवढी ऐकू येत होती.

“ते रिकामं आहे,” आबा शेवटी म्हणाले. “मी यंत्रात घालून पाहिलं. काहीही नव्हतं. मला वाटलं, कॅमेऱ्यातून काढलं की जात असेल सगळं.”

“तुमच्या यंत्राला फक्त आवाज दिसतात, आबा. फोटो त्याला दिसत नाहीत. म्हणून ते जात नाहीत.”

आबांनी डोळे मिटले. मग ते बोलले, आणि विशेष म्हणजे त्यांचा हात तेवढ्यापुरता थरथरायचा थांबला होता. “एका शाळेतल्या बाईने लिहिलं होतं ते. क्रमशः. पंचविशीत गेली ती, मासिकही बुडालं. मला वाटलं, आता ते कोणाचंच नाही. पन्नास वर्षं कोणी तो खंड उघडला नाही, आणि हा माणूस पान पान उघडत बसला! मी आधी दोन पानं काढून पाहिली. पानं गेल्याचं त्याने ताबडतोब ओळखलं. त्या दिवशी वर गेलो, म्हटलं, उरलेली दे. तो नाही म्हणाला. मी फाडायला लागलो. तो मला अडवायला आला नाही हो. त्याने कॅमेरा उचलला.”

“आणि?”

“मी आणि माझ्या हातातली पानं, दोन्ही मावत नव्हती बहुतेक. मागे सरकला. मी ओरडलो, खरंच ओरडलो. पण तो तोवर...” ते पाणी प्यायले. “मी त्याला हात लावलेला नाही. खाली गेलो तेव्हा संपलं होतं सगळं. जागच्या जागी गेला. गेलेल्या माणसासाठी मी काय करणार होतो? कार्ड तेवढं बदललं. कार्डाची जागा रिकामी दिसली असती तर कोणी विचारलं असतं.”

म्हणजे ते खरंच मागे सरकले होते. पण काकूंचे हात थांबले नाहीत. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला, लाल ठिपक्याचं कार्ड आत सरकवलं. म्हाताऱ्या बॉडीने ते लगेच ओळखलं.

पानंच पानं. शेवटून दुसरा फोटो होता आबांचा, मुठीत फाटकी पानं, चेहरा भेदरलेला, सगळं स्वच्छ फोकसमध्ये. वेळ तीन वाजून एकावन्न मिनिटं. कॅमेऱ्याचं घड्याळ काकूंनी स्वतः लावून दिलं होतं.

शेवटचा फोटो खालून वर घेतलेला होता. धूसर, वाकडा. भिंतींच्या फटीतून आभाळ, वर ओणवलेला आबांचा चेहरा, आणि लेन्सकडे येणारा एक मोठा हात.

काकूंनी तो त्यांच्यापुढे धरला. “हा कोणी काढला, आबा? जागच्या जागी गेलेल्या माणसाने?”

आबांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“चार वाजून नऊ मिनिटं,” काकू म्हणाल्या. “अठरा मिनिटं तुम्ही वर काय करत होतात?”

“पानं,” आबा पुटपुटले. “उरलेली पानं काढत होतो.”

६

पोलिस कार्ड, कॅमेरा आणि आबांना घेऊन गेले. सत्काराचा फलक अर्धा बांधलेला तसाच लोंबत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी दुकानात आली आणि काकूंनी तिला सगळं सांगितलं, काही न वगळता.

“तुझे बाबा वेडगळ नव्हते,” त्या म्हणाल्या. “एका गेलेल्या बाईचं लिखाण त्यांनी वाचवलं. पानं फाडली, पण ती कार्डावर शाबूत आहेत. आता गावात कोण काय म्हणतं ते मी बघते.” मग त्यांनी ती चिठ्ठी काउंटरवर ठेवली. “पण मागे सरकायचं मीच सांगितलं होतं, बाळा. ते मी कोणावर ढकलणार नाही. तू मला काय बोलायचं ते बोल.”

मुलीने पर्समधून फोन काढला, तीन आठवडे मागे जाऊन एक नोंद शोधली आणि ती बघत राहिली.

“मी त्यांना फोन केला होता,” ती म्हणाली. “चार वाजून दोन मिनिटांनी. उगाच केला होता, गप्पा मारायला. पूर्ण वाजला. उचलला नाही म्हणून मी चिडले, पुन्हा केलाच नाही. संध्याकाळी कळलं, तेव्हा मनाशी म्हटलं, ते तेव्हा नव्हतेच, म्हणून उचलला नाही. तेवढ्यावर मी झोपत होते, काकू.”

काकूंना वाटलं, घड्याळ चुकीचं लावलं होतं म्हणून सांगावं. शब्द ओठांपर्यंत आलेही.

“फोन वाजत होता तेव्हा ते होते?”

“होते,” काकू म्हणाल्या.

“वर गच्चीवर आबांना ऐकू गेला असेल?”

“बोळ अरुंद आहे. गेला असेल.”

मुलीने फोन हळूच काउंटरवर पालथा ठेवला. मग ती तिथेच काउंटरला टेकून जमिनीवर बसली. काकूंनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याही तिच्या शेजारी खाली बसल्या.